एलएल.एम. कुणाच्या नावे?

शुक्रवार, ९ जून १९७८. सकाळी सव्वाअकरा. दुकानात हजर : (१) मी. (२) रज्जाकभाई, कोरीवकाम. (३) दादासाहेब, वकील, वय सत्तरच्या पुढे, काठीसह. (४) कुसुमबाई पगारे, नाशिकरोड. (५) त्यांची सून, वकील. विषय : पितळी पाटी, अठरा इंच बाय नऊ. नावाचा घोळ.

माझ्या रोजच्या वहीत ही नोंद अशीच आहे. पाचव्या क्रमांकापुढे सुनेचं नाव नाही. मी ते लिहायला विसरले नव्हते. त्या सकाळी तिचं नाव काय लिहायचं हेच ठरत नव्हतं आणि त्यासाठीच सगळे जमले होते.

आमचं दुकान पाट्यांचं आणि रबरी शिक्क्यांचं. नाशकात मेहेर चौकाकडून कोर्टाकडे जाताना लागतं, आठ बाय दहाचं. दुकान माझ्या वडिलांचं. त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा, म्हणजे एकोणसत्तर साली, मी गल्ल्यापाशी बसायला लागले ती आजपर्यंत बसलेली आहे. माझं काम तीन गोष्टींचं : गिऱ्हाइकाकडून मजकूर लिहून घेणं, तो कारागिराला देण्याआधी दोनदा वाचणं आणि सगळ्याची यादी ठेवणं. कोरण्याचं काम रज्जाकभाईंचं. माझ्या लग्नाआधीपासून ते या दुकानात आहेत, त्यामुळे मालक कोण याबद्दल आमच्या दोघांत कधीच एकमत झालं नाही.

पाटी कशी होते ते थोडक्यात सांगते. जाड पितळी पत्रा घ्यायचा, घासून साफ करायचा, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा. रंग सुकला की पेन्सिलीने अक्षरं काढायची आणि मग छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन ती खणायची. खणलेल्या जागेत काळी लाख भरून पत्रा गरम करायचा, वर आलेली लाख घासून काढायची. अक्षर काळं राहतं, पितळ चमकतं. इथे मी दहा ओळींत लिहिलं तरी कामाला पुरा दिवस जातो. आणि मुख्य म्हणजे पितळात खोडता येत नाही. 'व'चा 'ब' करता येतो, 'प'चा 'ष' करता येतो. उलटं होत नाही. परीक्षा पास झालेले कितीतरी वकील जुनी पाटी घेऊन येत आणि म्हणत, "ताई, एवढं एलएल.बी.चं एलएल.एम. करून द्या." रज्जाकभाई तोंड वर न करता सांगत, "साहेब, पुन्हा परीक्षा द्या, 'ब'ने सुरू होणारं काहीतरी घ्या. जमवतो."

कोर्ट दोन मिनिटांवर, त्यामुळे आमचं निम्मं गिऱ्हाईक वकील. वकिलाची पाटी ही डॉक्टरच्या किंवा बिल्डरच्या पाटीसारखी नसते. तिला नियम असतात. पाटी बेताची हवी. तिच्यावर 'अमुक खटल्यांचे तज्ज्ञ' असं लिहायचं नाही, कुठल्या संस्थेचे अध्यक्ष होतात ते लिहायचं नाही, पूर्वी न्यायाधीश होतात तेही नाही. बेताची म्हणजे किती, हे मात्र कुणी सांगत नाही. एक वकीलसाहेब तीन फूट लांब पाटी मागायला आले तेव्हा मी हा प्रश्न त्यांनाच विचारला. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि अडीच फुटांवर आले.

म्हणजे आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत हे दाखवायला वकिलाकडे उरतं काय? नावापुढची डिग्री. म्हणून एलएल.एम.ला आमच्या धंद्यात फार मान.

ही एलएल.एम. काय असते ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, मलाही नव्हतं. वकिली करायला एलएल.बी. पुरते. ती झाली की सनद घ्यायची. सनद म्हणजे वकिलांच्या पटावर तुमचं नाव चढल्याचा कागद. तो मिळाला की काळा कोट चढवून कोर्टात उभं राहता येतं. एलएल.एम. हा त्याच्या पुढचा अभ्यास, आणखी दोन वर्षांचा. कायदा शिकवायचा असेल तर ती लागते. पण कोर्टात तिने एक पायरीही जास्त चढता येत नाही. एलएल.एम. झालेला आणि न झालेला एकाच बाकावर बसतात आणि एकाच पंख्याची वाट पाहतात.

तिच्यातली टिंबं मला दादासाहेबांनी शिकवली. बहात्तर साली एका तरुण वकिलाची पाटी मी 'एल.एल.एम.' अशी लिहून दिली, रज्जाकभाईंनी तशी कोरली आणि ती निवत ठेवलेली असताना दादासाहेब स्वतःचा शिक्का न्यायला आले. कोर्टात त्यांच्याइतका कडक माणूस नव्हता. समोरच्या अर्जातली तारीख चुकली तर ते आधी ती दुरुस्त करून देत आणि मग अर्जाला विरोध करत. काठी गल्ल्याला टेकवून ते म्हणाले, "बाई, हे पहिलं टिंब कुठून आलं?"

मी म्हटलं, एल, मग टिंब, मग एल, मग टिंब.

मग त्यांनी मला शिकवलं. मूळ शब्द लॅटिन. त्या भाषेत एकापेक्षा जास्त गोष्टी सांगायच्या असल्या की पहिलं अक्षर दोनदा लिहितात. एक एल म्हणजे कायदा, दोन एल म्हणजे कायदे. ते दोन मिळून एकच शब्द. म्हणून एलएल जोडून, मग टिंब, मग एम. "मधे टिंब देणं म्हणजे नवराबायकोच्या मधे सासू बसवण्यासारखं आहे," असं म्हणून ते शिक्का घेऊन गेले.

पितळातलं टिंब बुजवता येत नाही. रज्जाकभाईंनी तासभर विचार करून त्या टिंबाची बारीक चांदणी केली. मग शोभत नाही म्हणून बाकीच्या टिंबांच्याही चांदण्या केल्या. तरुण वकील पाटी बघून इतके खूश झाले, की पुढच्या महिन्यात दोघे जण 'चांदणीवाली एलएल.एम.' मागायला आले. त्यांना चांदणी का होती ते मी सांगितलं नाही.

गिऱ्हाइकांचे नमुने लिहायचे तर हा अंक पुरणार नाही. 'एलएल.एम. (भाग १)' लिहून मागणारे होते. नांदगावहून एक वकील आले, त्यांना उलट डिग्री काढून टाकलेली नवी पाटी हवी होती. त्यांच्या गावात कुणीतरी पसरवलं होतं की एम म्हणजे मास्तर, आणि हे वकील शिकवतात चांगलं पण लढत नाहीत. पक्षकार पाटी वाचून शेजारच्या दारात जात. माझ्या मते हे अर्धं खरंही होतं, कारण पाटीचा मजकूर सांगताना त्यांनी मला बाराखडीच्या चालीवर समजावला.

आणि एक होते, ज्यांनी एलएल.एम.चा फक्त फॉर्म भरला होता. त्यांची पाटी लागली, बोभाटा झाला आणि चार वकील दुकानात येऊन मलाच विचारू लागले, की तुम्ही डिग्र्या वाटता का. त्या दिवशी मी नियम केला : कागद दाखवा, मग डिग्री कोरू. वहीत चार रकाने आखले. पाटीवरचं नाव, डिग्री, कागदावरचं नाव, कागद पाहिल्याची तारीख. पहिला आणि तिसरा रकाना अक्षरशः जुळला तरच मजकूर रज्जाकभाईंकडे जाई. या वहीचा मला अभिमान होता. कोर्टातले लोक गमतीने तिला 'ताईंचं विद्यापीठ' म्हणत आणि मी ते गमतीत घेत नसे.

तर अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये पगारे गुरुजी आले. प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते, नुकतेच निवृत्त झालेले. पांढरं स्वच्छ धोतर, टोपी, आणि हातात मजकुराचा कागद. त्यांचं अक्षर बघून रज्जाकभाई जागेवरून उठून आले. असं अक्षर असेल तर छिन्नी आपोआप चालते, असं त्यांचं म्हणणं. मजकूर होता : 'सौ. सुजाता अशोक पगारे, बी.ए., एलएल.एम., वकील'. सून एलएल.एम. झाली होती. त्यांच्या कॉलनीतली पहिली. त्यांच्या नात्यात, गोत्यात, पाहण्यातही पहिली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं ऑफिस निघायचं होतं आणि पाटी ते तिला न सांगता लावणार होते.

मी नियमाप्रमाणे कागद मागितला. त्यांनी एलएल.एम.ची गुणपत्रिका काढली. नाव : सुजाता अशोक पगारे. पहिला रकाना, तिसरा रकाना, जुळले. एलएल.बी. पण लिहायची का, असं मी विचारलं तर म्हणाले, वरच्या मजल्यावर पोचल्यावर खालच्या जिन्याचं नाव कशाला. जाताना त्यांनी त्याच मजकुराचा रबरी शिक्काही सांगितला. पाटी सुरेख झाली. गुरुजी ती धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेऊन गेले. त्यांच्या घरी बुद्धवंदना होऊन पाटी लागली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात लाडू आले. सुनेला मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

तिला पाहिलं ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. साधारण अठ्ठावीस वर्षांची, चटचट बोलणारी, खांद्याला शबनम. तिने गल्ल्यावर दोन कागद ठेवले आणि म्हणाली, "ताई, तुमच्या शिक्क्यानं मला नोटीस आली."

पहिला कागद तिने पाठवलेल्या नोटिशीची प्रत होती. पेठकडच्या एका शेतकऱ्याची सामाईक विहिरीची वाट शेजाऱ्याने अडवली होती. तिचं स्वतंत्र असं ते पहिलंच काम. खाली आमचा शिक्का. दुसरा कागद शेजाऱ्याच्या वकिलाचं उत्तर. वाटेबद्दल त्यात शेवटी दोन ओळी होत्या. सुरुवात अशी होती, की सुजाता अशोक पगारे या नावाचा कोणीही वकील पटावर नाही. सबब ही नोटीस कोणी व कोणत्या अधिकाराने दिली याचा खुलासा आठ दिवसांत करावा, अन्यथा बार कौन्सिलला लिहावं लागेल. खाली सही दादासाहेबांची.

"पटावर नाही?" मी विचारलं.

"नाहीच. पटावर मी कुसुम गणपत गांगुर्डे आहे."

मग तिने सगळं सांगितलं. एलएल.बी. आणि सनद लग्नाआधीची, माहेरच्या नावाने. वर्षभर एका वकिलांच्या हाताखाली काम केलं तेही त्याच नावाने. मग लग्न ठरलं आणि अडचण निघाली. तिच्या सासूबाईंचं नावही कुसुम. एका घरात दोन कुसुम कशा चालतील? म्हणून लग्नात सुनेचं नाव सुजाता ठेवलं. एलएल.एम.चा फॉर्म गुरुजींनी स्वतः भरला, त्या सुंदर अक्षरात, आणि त्यांच्या दृष्टीने सून सुजाताच होती. लग्नाचा दाखला जोडला, फॉर्म स्वीकारला गेला. पुढची दोन वर्षं तिने आठवड्यातले तीन दिवस पुण्यात मावशीकडे काढले. पहाटेची एस.टी., लायब्ररी, परत एस.टी. लघुप्रबंधाचं शेवटचं प्रकरण सिन्नर फाट्यावर बंद पडलेल्या गाडीत बसून लिहिलं. निकाल लागला तो सुजाता पगारेचा.

"मग शिक्का उठवताना लक्षात नाही आलं?" मी जरा रागानेच विचारलं, कारण मला माझा राग आला होता.

"आलं ना. पण मामंजींनी पाटी लावली त्या दिवशी कॉलनीतले पन्नास लोक दारात उभे होते. त्यांना काय सांगू, की ही मी नाही?"

बाहेरच्या माणसाला यात फार काही वाटणार नाही. पण सनदेवर नसलेल्या नावाने वकील म्हणून नोटीस देणं ही वकिलाच्या दृष्टीने हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. चौकशी लागली असती तर निकाल काहीही लागो, नाशिकच्या कोर्टात 'ती खोट्या नावाची' हे तिच्या पाठीला चिकटलं असतं. आणि सुरुवात माझ्या वहीतून झाली होती.

मी माझ्या पद्धतीने काम हाती घेतलं. दादासाहेबांना चिठ्ठी पाठवली, तिला निरोप दिला आणि दोघांना शुक्रवारी सव्वाअकराला बोलावलं. कुसुमबाई न बोलावता आल्या. गुरुजी दोन दिवस धड जेवले नव्हते, घराबाहेर पडत नव्हते, आणि पाटी नवऱ्याच्या हौसेची म्हणून जबाबदारी आपलीही आहे, असं कुसुमबाईंचं म्हणणं होतं. पाटी त्यांनीच भिंतीवरून उतरवून पिशवीतून आणली होती.

दादासाहेबांनी आधी माझी वही मागितली. चष्मा पुसला, चारही रकाने बोटाने वाचले. नावं जुळत होती. "चोख आहे," ते म्हणाले. मला बरं वाटलं. मग म्हणाले, "पाचवा रकाना कुठे आहे?"

"कुठला?"

"पाटीवर तुम्ही 'वकील' असं कोरलंत. तो काय अलंकार आहे? सनद पाहिलीत?"

नव्हती पाहिली. डिग्रीवर माझं इतकं लक्ष होतं की खालच्या ओळीतल्या साध्या शब्दाला कागद लागतो हे मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. रज्जाकभाई त्या वेळी एकाएकी लाख ढवळायला लागले. ते मी विसरलेले नाही.

मग मी कागदावर तीन मार्ग लिहिले आणि मोठ्याने वाचले. एक : सुजाता पगारे, एलएल.एम. हे ठेवायचं, 'वकील' काढायचं. दोन : कुसुम गांगुर्डे, वकील असं लिहायचं, एलएल.एम. सोडायची. तीन : प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र करून दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे कागदोपत्री आणायचं. याला महिने लागणार.

"आठ दिवसांत फक्त दुसरं होतं," दादासाहेब म्हणाले. "जुनी पाटी आणि शिक्का आज बंद करा. सनदेच्या नावाने नवी नोटीस द्या. ती आली की मी वाटेबद्दल उत्तर देईन. बार कौन्सिलला लिहिण्याची मला हौस नाही."

ती म्हणाली, "म्हणजे दादासाहेब, जी शिकली ती वकील नाही. आणि वकील आहे ती शिकलेली नाही."

"कागदावर तसंच आहे, बाई." त्यांचा आवाज कडक नव्हता. "मला एक सांगा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं कुठल्या कायद्यात आहे?"

"कुठल्याच नाही."

"हे तुम्हाला एलएल.एम. होण्याआधी ठाऊक होतं?"

"एलएल.बी.च्या आधीपासून."

"मग?"

तिने शबनमचा पट्टा खांद्यावर सारखा केला. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. दादासाहेबांना ते कळलं असावं, कारण त्यांनी उलटतपासणी तिथेच थांबवली. आयुष्यात एवढी एकच असेल.

कुसुमबाई इतका वेळ पिशवी पोटाशी धरून ऐकत होत्या. माहेर नांदगावकडचं, बोलणं तिकडचं. त्या दादासाहेबांना म्हणाल्या, "तिला कशाला इचारता? म्या केलंय ते. हाक मारली की दोघी उठायच्या, लोक हसायचे. म्हणून बदललं. कायदा-बियदा काय नाय त्यात."

मग सुनेकडे वळल्या.

"पण मला एक सांग, आता मला कुसुम म्हणणारं हाय कोण? आई होती ती गेली. गुरुजी 'ऐकलं का' म्हणतात. पोरं आई म्हणतात, गल्ली आजी म्हणती. नाव नुसतं पडून हाय घरात. तुझं तू घे परत."

 सून खाली बघत होती. तिने फक्त "आई" एवढंच म्हटलं.

 नुसतं कुसुम म्हणून चालणार नाही, दादासाहेब म्हणाले, पटावर कुसुम गणपत गांगुर्डे आहे आणि पाटीही तशीच हवी. पगाऱ्यांच्या दारावर गांगुर्ड्यांची पाटी आणि त्यात व्याह्यांचं नाव. लोक विचारतील.

"दार माझं हाय," कुसुमबाई म्हणाल्या. "इचारायला येतील त्ये चहा पिऊन जातील."

शिक्का तिने तिथल्या तिथे, माझ्याकडचं ब्लेड घेऊन, स्वतःच्या हाताने कापला. पाटीचं काय करायचं, हा प्रश्न रज्जाकभाईंनी सोडवला. जाड पत्रा होता. त्यांनी तो उलटा करून बोटाने वाजवला. "ताई, पितळाला दोन बाजू असतात. नवा पत्रा कशाला? मागची बाजू कोरीच आहे."

तर मागची बाजू पुढची झाली. काम दिवसभर चाललं. सासू-सून दोघी बाकावर बसून राहिल्या. पहिली ओळ, 'कुसुम गणपत गांगुर्डे'. दुसरी ओळ, 'बी.ए., एलएल.बी.'. तिसरी, 'वकील'. दुसरी ओळ कोरताना रज्जाकभाईंनी अक्षरं मधोमध न घेता डावीकडे सरकवली आणि शेवटच्या टिंबानंतर एक स्वल्पविराम मारला. मी ओरडेपर्यंत मारून झाला होता.

"अहो, पुढे काही नाहीये!"

"आज नाही," ते म्हणाले. "कागद झाला की एलएल.एम. येणार ना? अडीच इंच सोडलेत."

दुसऱ्या दिवशी पाटी न्यायला ती आली तेव्हा दादासाहेबही वाटेत थांबले. त्यांनी पाटी वाचली, स्वल्पविरामापाशी थबकले आणि काठीने तो दाखवला. मी घाबरत खुलासा केला.  "वाक्य अपूर्ण आहे," ते म्हणाले. "चूक नाही."

नवी नोटीस गेली. पेठच्या विहिरीची वाट पावसाळा संपायच्या आत मोकळी झाली. मी वहीत पाचवा रकाना आखला. गुरुजी जेवायला लागले. इतकंच नव्हे, तिसऱ्या मार्गाचं काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. फॉर्म आपण चुकवला, दुरुस्तीही आपणच करणार, असा हट्ट. कुठे काय लागतं ते विचारून, दोन वर्षं पत्रव्यवहार करून त्यांनी सगळे कागद जमवले. प्रतिज्ञापत्राचा मसुदा, राजपत्राचा अर्ज, दाखल्यांच्या प्रती. सगळं एका फाइलीत, फीत बांधून. सुनेने फक्त सही करायची होती. जिथे करायची तिथे त्यांनी पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली.

सही झाली नाही.

आधी मला वाटलं, कामाची गर्दी. गर्दी होतीच. कुसुम गांगुर्डे हे नाव आता कोर्टात सगळ्यांना माहीत आहे. पेठपासून वणीपर्यंतच्या बायका तिच्या दारात येतात आणि बऱ्याचदा कुसुमबाईंनाच वकीलबाई समजून आपली कहाणी सांगतात. त्या ती पूर्ण ऐकून घेतात, सल्लाही देतात, आणि मग आत पाठवतात. दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं तर ती रोज करते. स्वतःचं एक तेवढं राहिलं. गुरुजी चौऱ्याऐंशी साली गेले. त्यानंतर मी तिला सरळ विचारलं, की अडलंय कशात.

ती म्हणाली, "ताई, त्यात लिहिलंय की कुसुम आणि सुजाता ही एकच व्यक्ती आहे."

"मग आहेच की."

"कायद्यानं आहे. पण पहाटेच्या गाडीनं जायची ती सुजाता. परीक्षेला बसली ती सुजाता. मामंजींनी पाटी केली ती तिची. सही केली की तिच्या नावाचं काही उरत नाही. शपथेवर लिहून द्यायचं म्हणजे थोडं थांबावंसं वाटतं."

 माझं माहेरचं नाव उषा. सासरी ते का बदललं, हे मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही.

पण मी यादी ठेवणारी बाई आहे आणि काम अर्धं राहिलेलं मला बघवत नाही. दर वर्षी दसऱ्याच्या आधी मी पाटीला पॉलिश करायला नाशिकरोडला जाते. लाख भरलेली आहे, स्वल्पविराम शाबूत आहे. यंदा रज्जाकभाईंनाही बरोबर नेलं. त्यांचा हात आता थरथरतो. मोठी अक्षरं जमत नाहीत, बारीक अजून निघतात. त्यांनी अंगठ्याने ती रिकामी जागा चाचपून पाहिली आणि सहा अक्षरं, दोन टिंबं, एका दुपारचं काम आहे, असं तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात मला सांगितलं. ती आत पक्षकाराशी बोलत होती. गुरुजींची फाइल तिच्या मागच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. पक्षकार गेल्यावर मी ती काढली; सहीच्या जागेवरची फुली पुसट झाली होती, म्हणून पुन्हा गिरवून ठेवली.